दुसरी किल्ली

पौषातली सकाळ होती. सूर्य उगवला होता, पण त्याला अजून सूर्यपण आले नव्हते. वर्धेच्या पात्रातून उठलेले धुके काठाची वाळू गिळून, कापसाच्या पराट्या गिळून, कोळशाच्या काळ्या राशींवर शुभ्र पांघरूण घालून स्तब्ध झाले होते. झाडांना बुंधे नव्हते, घरांना पाया नव्हता. सारी सृष्टी दुधात बुडालेली. आणि त्या दुधातून वीज केंद्राचे उन्नत, निश्चल, करडे धुराडे तेवढे एकटेच आभाळाकडे निघाले होते.

त्या धुराड्याच्या माथ्यावर आणि कमरेवर वीज नांदत असे. मेघांतली चंचल वीज नव्हे; माणसाने काचेत कोंडलेली, शिस्त लावलेली, धवल वीज. मिनिटाला चाळीस वेळा ती डोळा उघडी, चाळीस वेळा मिटी. भर दिवसा उन्हाशी पैज लावून लखलखे, सांज झाली की तेज आवरून घेई, आणि काळोख दाटला की अगदी मंद होई. कारण अंधारात तिच्या प्रखर तेजाने वैमानिकाचेच डोळे दिपायचे. आभाळातून जाणाऱ्याला ती एवढेच सांगे : इथे मी आहे, मला वळसा घालून जा.

या विजेची देखभाल कुमुद नगराळे करीत असे.

एकतीस वर्षांची, सावळी, सडसडीत, मितभाषिणी कुमुद. अकरा वर्षांपूर्वी आयटीआयचा कागद हातात घेऊन ती केंद्राच्या फाटकात उभी राहिली, तेव्हा पुरुषांच्या त्या जगात एक हसू पसरले होते. "ही पोरगी धुराड्यावर चढनार?" तेवढे एक लहानूजी वाघाडे हसले नाहीत. दिव्यांचे जुने मिस्त्री, पांढऱ्या मिशांचे, दगडासारख्या तळहातांचे. त्यांनी खुंटीवरचा सेफ्टी बेल्ट काढला, तिच्या कमरेला स्वतः आवळला आणि म्हणाले, "चाल पोरी. खाली पाहू नको. माह्या पाठीकडे पाह्य."

ती त्यांच्या पाठीकडे पाहत चढली. अकरा वर्षे ती त्यांच्या पाठीकडे पाहतच चढत राहिली.

वीज कशी असते, हे तिला पुस्तकाने सांगितले होते. वीज कशी वागते, हे लहानूकाकांनी सांगितले. दिव्याच्या पेटीत कपॅसिटर असतो. तो हजारो व्होल्ट पोटात साठवतो आणि क्षणार्धात काचनळीत ओततो. म्हणून तो लखलखाट. "बटन बंद केलं म्हंजे वीज गेली, असं नसते," काका म्हणत. "दिवा विझते पोरी, पन त्याचा राग पोटात राह्यते. तो राग उतरू दे."

राग उतरवण्याची रीत त्यांनी तिला मंत्रासारखी पढवली. आधी खालच्या पॅनेलमधला स्विच बंद. त्या स्विचला आपले कुलूप, कुलुपावर आपल्या नावाची लाल पाटी. मग वर जायचे, पेटी उघडायची आणि घड्याळाकडे पाहत पाच मिनिटे नुसते बसायचे. मग लाकडी मुठीच्या, जमिनीला जोडलेल्या सळईने कपॅसिटरची दोन्ही टोके शिवायची. मग मीटर लावायचा. मीटरने शून्य म्हटले, तरच हात. नळीला उघड्या बोटांनी शिवायचे नाही. बोटांचे तेल काचेला लागले, की तापल्यावर ती तडकते. आणि पेटता दिवा कधी जवळून पाहायचा नाही, डोळे जातात.

"अन् एक ध्यानात ठेव," ते बोट वर करून सांगत. "हात भाहेर काढला अन् पुन्हा घालाचा असंन, त मीटरले पुन्हा इचार. मी सांगतलं म्हून हात घालू नको. कोनीबी सांगतलं म्हून घालू नको."

ज्या दिवशी कुमुदने एकटीने पहिला दिवा दुरुस्त केला, त्या दिवशी त्यांनी तिला एक पितळी कुलूप दिले. नवे, जड, सोनसळी. सोबत एकच किल्ली.

"दुसरी नदीत टाकून देल्ली," ते म्हणाले. "एका कुलपाची एकच किल्ली असते. जोवर हे तुह्या खिशात, तोवर वरची वीज तुह्या हुकमात. साक्षात ब्रह्मदेव आला तरी स्विच वर करू शकत नाई."

कुमुदचे वडील ती लहान असतानाच गेले होते. त्या दिवशी घरी जाताना तिची मूठ मिटलेली होती, आणि तिला वाटले होते की मुठीत पितळ नाही, कुणाचा तरी हात आहे.

त्या पौषातल्या सकाळी धुराड्याच्या कमरेवरचा, ईशान्येचा दिवा अडखळू लागला. चाळीसातले दहा-बारा ठोके चुकू लागले. नळी म्हातारी झाली होती. कुमुदने परमिट लिहिले, विमानतळाच्या कक्षाला फोन करून मधल्या मजल्याचे दिवे दोन तास बंद राहतील असे कळवले, आणि पॅनेलसमोर उभी राहिली. त्या मजल्याचे चारही दिवे एकाच स्विचवर होते. तिने तो खाली ओढला, कुलूप अडकवले, लाल पाटी टांगली. किल्ली खिशात टाकून वरून दोनदा थोपटली.

लिफ्टचे गफ्फारभाई दारात उभे राहून हे सारे पाहत होते. वर एकट्याने जायचे नाही असा नियम होता. एरवी लहानूकाका सोबत असत. पण त्या थंडीत त्यांचा गुडघा धरला होता.

"गफ्फारभाई जाते तुह्यासंग," काका म्हणाले. "मी हितं पॅनलपाशी बसतो."

"पेटीच्या दाराची कळ अजून आली नाही न काका?"

"नाई आली. दिवाळीपासून मागून राह्यलो."

दार उघडताच वीज आपोआप तोडणारी ती छोटीशी कळ. ती निकामी होती, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणजे आता वीज आणि कुमुदचा हात यांच्यामध्ये एक कुलूप होते, आणि कुलुपापाशी लहानूकाका होते. तिला ते पुरेसे होते. पुरेसे काय, भरपूर होते.

लिफ्ट धुराड्याच्या पोटातून कुरकुरत वर गेली. लोखंडी दार उघडले आणि दोघे बाहेरच्या अरुंद गॅलरीत आले. खाली काहीच नव्हते. केवळ शुभ्रता, अथांग, अनंत शुभ्रता. आणि दूर कुठे तरी मालगाडीचा भोंगा, जणू समुद्राच्या तळातून आलेला.

कुमुदने बेल्टचा हुक कठड्याला अडकवला, पेटी उघडली, पाच मिनिटे मोजली. सळई टेकवली. मीटर लावला. शून्य. तिने हातमोजे चढवले आणि थकलेली, काळवंडलेली नळी अलगद काढून घेतली.

मग ती नव्या नळीसाठी वळली. नळी कापसात गुंडाळलेली होती, गफ्फारभाईंनी ती तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली होती. कुमुद कापसाचे पदर सोडवू लागली.

तेवढ्यात डावीकडचे धुके उजळले.

आवाज नाही, चाहूल नाही. धुराड्याच्या वळणापलीकडे, जिथे दुसरा दिवा होता, तिथले धुके एकदम आतून पेटल्यासारखे शुभ्र झाले आणि विझले. दीड क्षण. पुन्हा शुभ्र, पुन्हा विझले.

कुमुदला आधी ते फक्त सुंदर वाटले. मग तिला आठवले, तो दिवाही त्याच स्विचवर होता.

"ताई," गफ्फारभाई कुजबुजले, आणि मग ओरडले, "ताई, हात मागं! हात मागं घ्या!"

तिचा हात अजून पेटीत गेला नव्हता. एक वीतभर बाहेर होता. त्या वीतभर हवेत तिची सबंध एकतीस वर्षे, तिची आई, तिचा सात वर्षांचा पार्थ, सारे दाटीवाटीने उभे होते. उघड्या पेटीतून एक बारीक शीळ येत होती. कपॅसिटर पोट भरून घेत होता.

तिने मीटरची तार लांबूनच टेकवली. आकडा चढत गेला. डोळ्यांदेखत, अविरत, निर्विकार चढत गेला.

तिने गफ्फारभाईंच्या खांद्यावरचा वॉकीटॉकी तोंडाशी धरला. "काका, सप्लाय कोनं देल्ला?"

खरखर.

"काका? लहानूकाका?"

खरखर. खरखर. आणि धुक्यात तो मूक, धवल, नियमित ठोका.

ती मागे सरकली, कठड्याला पाठ टेकून बसली. गफ्फारभाईंनी कोटाच्या खिशातली पाण्याची बाटली तिच्या ओठांना लावली. धुके विरळ होत होते, आणि त्या विरळ होणाऱ्या धुक्यातून एक घरघर जवळ येऊ लागली. एक निळे हेलिकॉप्टर धुराड्याला सावध, रुबाबदार वळसा घालून गेले आणि केंद्राच्या हिरवळीवर उतरले.

खाली येताना लिफ्टला नऊ मिनिटे लागली. कुमुद मनात म्हणत होती, कुलूप तुटले असेल. कुणी तरी करवतीने कापले असेल, हातोड्याने फोडले असेल, आणि काका मध्ये पडले असतील, त्यांना ढकलून दिले असेल. ती त्यांच्यासाठी घाबरली होती.

कुलूप तुटलेले नव्हते. पॅनेलच्या कडीत ते उघडे लटकत होते, ओरखडाही नसलेले, सोनसळी, शांत. लाल पाटी उलटी करून टेबलावर ठेवलेली होती. स्विच वर होता.

कुमुदने खिशात हात घातला. तिची किल्ली खिशातच होती.

लहानूकाका खुर्चीत बसले होते. तिला पाहून ते उठले, पुन्हा बसले.

"आली का पोरी? बरं झालं. मोठ्या सायबाचा फोन आला होता. पावने हेलिकाप्टरनं येऊन राह्यले, धुराड्याचे समदे दिवे पायजेत, म्हने. आत्ताच्या आत्ता. वाकीटाकीवर दोनदा बोललो मी तुह्याशी. तू आयकलं नसंन."

"काही आलं नाही," मागून गफ्फारभाई म्हणाले. "मशीन माझ्या कानापाशी होती."

काकांनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

"काका," कुमुद म्हणाली. "कुलूप कशानं उघडलं?"

तिने खिशातली किल्ली त्यांच्यापुढे धरली.

"माही किल्ली माह्यापाशी आहे. तुम्ही म्हनत होते, दुसरी नदीत टाकली."

"माह्या नितेशले पर्मनंट कराची आर्डर सायबाच्या टेबलावर हाये," ते एकदम म्हणाले. "सा वर्षं झाले पोरगं रोजंदारीवर हाये. सायेब म्हने, लहानू, आता नाई म्हनला त कागद फाडून टाकीन. पाच मिन्टाची गोष्ट होती पोरी. मले वाटलं, तू नळी बसवून मोकळी झाली असशीन." आणि मग, अगदी हलक्या, जवळजवळ लाडीक स्वरात, "तुले काई झालं त नाई न? झालं का काई?"

तेच वाक्य तिला लागले. किल्लीपेक्षा, खोटेपणापेक्षा, त्या चढत जाणाऱ्या आकड्यापेक्षा खोल. तिला खाली बोलवायला एक हाक पुरली असती. पंधरा मिनिटे पुरली असती. ज्या माणसाने तिला मीटरला पुन्हा विचारायला शिकवले होते, त्याने तिला एकदाही विचारले नव्हते.

ती बाहेर गेली आणि पाण्याच्या नळाखाली दोन्ही हात धरून उभी राहिली. बराच वेळ. बोटे दहाच्या दहा होती. ती त्यांना एकेक करून चोळत राहिली, जणू कुणी तरी ती तिला नुकतीच उसनी दिली होती.

चौकशी चौथ्या दिवशी बसली. लांब टेबल, काचेचे पेले, तीन अधिकारी. मोठे साहेब एका बाजूला, खिडकीबाहेर पाहत. लहानूजींचा लेखी जबाब वाचला गेला. त्यात लिहिले होते : कुमुद नगराळे यांनी त्या दिवशी स्विचला कुलूप लावलेच नव्हते.

कुमुदला वाटले, आपण चुकीचे ऐकले. तिने काकांकडे पाहिले. ते आपल्या तळहातांकडे पाहत होते. त्याच दगडी तळहातांकडे, ज्यांनी एकदा तिच्या कमरेचा पट्टा आवळला होता. वरच्या गॅलरीत ती मरता मरता वाचली होती. इथे, या उबदार खोलीत, या काचेच्या पेल्यांसमोर, तिच्यातले काही तरी वाचले नाही.

"मी पाह्यलं आहे साहेब," गफ्फारभाई उभे राहिले. त्यांची टोपी हातात चुरगळली होती. "ताईनं कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली, वरून थोपटली. मी दारातच होतो."

"लहानूजींची पस्तीस वर्षांची सेवा आहे," मोठे साहेब खिडकीकडूनच म्हणाले. "गैरसमज होतात. तिला काही इजा झालेली नाही. गैरसमज म्हणून मिटवून टाका."

कुमुद उठली. तिने आपली किल्ली टेबलावर ठेवली.

"काका, तुमच्या खिशातल्या किल्ल्या हितं ठेवा."

लहानूजींचा हात खिशाकडे गेला, खिशापाशी थांबला, आणि तसाच परत मांडीवर आला.

"त्याची आवश्यकता नाही," मधले अधिकारी म्हणाले.

"मग माझा जबाब लिहा," कुमुद म्हणाली. तिचे शब्द एकेक करून, सावकाश, तोलून आले. "मी कुलूप लावलं होतं. ते दुसऱ्या किल्लीनं उघडलं गेलं. दाराची कळ बंद आहे, हे उघडणाऱ्याला माहीत होतं. मी वर आहे, हेही माहीत होतं. मला हाक मारली गेली नाही. गैरसमज हा शब्द माझ्या जबाबात नको. तो लिहिला, तर मी सही करणार नाही."

तिने लिहून झालेला कागद दोनदा वाचला आणि सही केली.

पुढे जे झाले ते न्याय म्हणण्याइतके पुरे नव्हते. मोठे साहेब मोठेच राहिले. महिन्याभरात बढती घेऊन दुसरीकडे गेले. लहानूजींना दिव्यांच्या कामावरून काढून भांडारात बसवले. नितेशची ऑर्डर निघाली नाही. साहेबांच्या टेबलावर तसा कागद कधी नव्हताच, असे नंतर भांडारातल्या लोकांनी सांगितले. ते ऐकून कुमुदला आनंद झाला नाही. दुःख झाले असेही नाही. दाराची नवी कळ मात्र आठवड्याच्या आत आली. कुमुदने ती स्वतः बसवली. कुलपेही नवी आली. ज्याचे कुलूप त्यानेच पाकीट फोडायचे, आणि दुसरी किल्ली सर्वांसमोर कापून टाकायची, असा नियम झाला.

ईशान्येचा दिवा पुन्हा चाळीस ठोके पुरे मारू लागला. कुमुद वर जाई, काम करी, खाली येई. तिच्यापुढे आता कुणाची पाठ नसे. कधी कधी सळई टेकवताना तिला जाणवे की आपण मीटरला एकदा नव्हे, तीनदा विचारतो आहोत. आणि कधी पार्थने शाळेतून आल्यावर "आई, खरंच" म्हटले, तरी क्षणभर त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो आहोत. पार्थ गोंधळून जाई. मग ती त्याला जवळ ओढी, आणि तिला रडू येई ते त्याच्यासाठी नसे.

फाल्गुन आला. नदीपलीकडचा पळस पेटला. पानांशिवाय, धुराशिवाय, शब्दांशिवाय. वाऱ्याला कोरडी धार आली. राखेच्या बंधाऱ्यावरून करडी, मऊ राख उडून रस्त्यांवर, पायऱ्यांवर, माणसांच्या पापण्यांवर बसू लागली.

अशा एका दुपारी लहानूजी धुराड्याच्या पायथ्याशी आले. पंधरवड्याने ते निवृत्त होणार होते. कुमुद जेवणाचा डबा धुऊन उन्हात पालथा घालत होती. ते चार पावलांवर थांबले. त्याहून जवळ आले नाहीत.

"ते किल्ली," ते म्हणाले. "नदीवर गेलो होतो मी. खरंच गेलो होतो. टाकता नाई आली. मनात आलं, तू वर असशीन, तुही किल्ली तिकडंच पडून गेली त तुह्यासाठी कोन उघडंन. म्हून ठेवली. इतकी वर्षं ठेवली. तुह्यासाठीच ठेवली होती पोरी."

कुमुद ऐकत होती. तिला कळले की हे खरे आहे. आणि खरे आहे म्हणूनच ते अधिक असह्य आहे. मायेने जपलेली वस्तू. तिनेच ते कुलूप उघडले होते.

"अन् फोन ठेवल्यावर," लहानूजी म्हणाले, "मी वर पाह्यलंच नाई. मान वर केली असती, त तू दिसली नसती, धुकं होतं. पन मी मानच वर केली नाई. पाह्यलं असतं त हात चालला नसता."

दूर कन्व्हेयरचा पट्टा चालू झाला. कोळसा सरकू लागला.

"माफ कर, असं म्हनाले आलो नाई," ते म्हणाले. "तेवढं सांगाचं होतं."

कुमुदने डब्याचे झाकण उचलले, पुसले, पुन्हा ठेवले. तिच्या ओठांवर काका हा शब्द आला होता. सवयीने आला होता. तिने तो ओठांतच थांबवला.

"चौकशीत खोटं काहून बोलले?" तिने विचारले.

त्यांनी दोन्ही हात जोडले. अकरा वर्षांत त्यांनी तिला कधी हात जोडले नव्हते. तीच त्यांच्या पाया पडत असे. कुमुदने हात जोडले नाहीत. मानही फिरवली नाही. ती नुसती उभी राहिली, आणि त्यांच्याकडे पाहत राहिली, जसे पाहायला त्यांना जमले नव्हते.

मग ते वळले. धरलेला गुडघा ओढत, भिंतीच्या कडेकडेने, फाटकाकडे चालू लागले. रस्ताभर राख पसरलेली होती, अस्पर्श, गुळगुळीत, विरत्या मेघासारखी करडी. तिच्यावर त्यांची पावले उमटत गेली. एक खोल, एक फरफटलेले. एक खोल, एक फरफटलेले.

नदीकडून वारा आला. घाई नाही, राग नाही. तो वाकून आला, आणि फाटकापासून नव्हे, कुमुदच्या पायांपासून त्याने सुरुवात केली. पहिले पाऊल बुजले. दुसरे बुजले. तिसरे बुजले. करड्या राखेवर करडी राख हळूहळू सरकत राहिली. आणि कुमुद उभी राहिली, उन्हात, डोळे न मिटता, शेवटचे पाऊल बुजेपर्यंत.